वेंगुर्ल्यात एसटीने, आईला घेऊन

कोकणात पैसे दोनच गोष्टींवर उडतात, एक गाडी आणि दुसरी सुरमई. या दोन बाजूला ठेवल्या तर वेंगुर्ल्यासारखं गाव अजूनही खूप स्वस्तात होतं, आणि खरं सांगायचं तर जास्त चांगलंही होतं. मालवण-तारकर्लीला आता वीकेंडला पाय ठेवायला जागा नसते, स्कूबा, पॅरासेलिंग, डॉल्फिन सगळ्याचे एजंट मागे लागतात. वेंगुर्ल्यात तसलं काही फार नाही, बंदर आहे, बाजार आहे, एसटीचं आगार आहे आणि लोक आपापल्या कामात आहेत. मला आणि आईला हेच हवं होतं. फेब्रुवारीत गेलो, दोघींचा रेल्वे, राहणं, जेवण, एसटी, रिक्षा सगळा खर्च मिळून आठ हजारांच्या आत बसला. त्यात आईने घेतलेले काजू धरलेले नाहीत, तो वेगळा विषय आहे.

कधी जावं हे आधीच सांगते कारण निम्मे पैसे तिथेच वाचतात. ख्रिसमस ते न्यू इयर नको, मे महिना नको, आणि गणपतीत तर रेल्वेचं तिकीट मिळालं तर देवाला नारळ फोडा. जून-जुलैत रूम स्वस्त मिळतात पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते त्यामुळे ताजी मासळी फार मिळत नाही, खाडीतलं काहीतरी आणि सुकट यावर भागवावं लागतं. फेब्रुवारी बेस्ट, उकाडा सुरू झालेला नसतो, ओले काजूगर नुकतेच बाजारात यायला लागलेले असतात आणि जत्रांचा सीझनही संपलेला नसतो. शक्यतो सोमवार ते गुरुवार जा, शुक्रवारी संध्याकाळपासून तीच खोली महाग होते.

पहिला दिवस

वेंगुर्ल्याला रेल्वे नाही. कुडाळला किंवा सावंतवाडीला उतरायचं, दोन्हीकडून एसटीने साधारण तासाभराचा रस्ता. आम्ही दादरहून तुतारी एक्सप्रेस पकडली, मध्यरात्री सुटते आणि सकाळी कुडाळला सोडते, म्हणजे एका रात्रीचं लॉजचं भाडं वाचलं. स्लीपरचं तिकीट तीनशे-साडेतीनशेच्या घरात. आता बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला बसून काढा, नाहीतर वेटिंगवर लटकाल. आईचं लोअर बर्थ मिळालं, माझं अप्पर, आणि समोरच्या कुटुंबाने रत्नागिरी येईपर्यंत एवढ्या गप्पा मारल्या की मी झोपले कधी आणि उठले कधी ते कळलंच नाही. सकाळी खिडकीतून जांभ्या दगडाची कुंपणं आणि काजूच्या बागा दिसायला लागल्या की समजायचं आलं सिंधुदुर्ग. आमच्या आजीच्या वेळी हे सगळं बोटीने व्हायचं, मुंबईहून निघालेली बोट एकेका बंदरावर थांबत थांबत वेंगुर्ल्याला यायची. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली.

कुडाळ स्टेशनबाहेर रिक्षावाले "वेंगुर्ला वेंगुर्ला" करत उभे असतात. डायरेक्ट रिक्षाचे सहाशे-सातशे सांगतात. त्यापेक्षा एसटी स्टँडपर्यंतच रिक्षा करा आणि तिथून लाल डबा पकडा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे त्यामुळे दोघी मिळून एका फुल तिकिटात पोचलो, म्हणजे पन्नास-साठ रुपयांत. ७५ च्या पुढचं कुणी सोबत असेल तर त्यांचं तिकीटच नाही, फक्त आधार कार्ड वर काढून ठेवा, कंडक्टर मागतो. "आवडेल तेथे प्रवास" पास काढू का असं बरेच जण विचारतात, एवढ्याशा भागासाठी काढू नका, तो पास लांब फिरणाऱ्यांना परवडतो.

राहायचं म्हणाल तर दोन पर्याय. स्टँड आणि बाजाराच्या आसपास साधी लॉज आहेत, सातशे ते हजार, नॉन-एसी. दुसरं म्हणजे उभादांड्याकडे लोकांनी घरातच खोल्या काढल्यात, हजार-बाराशे, पण तिथे काकी जेवण करून देतात आणि समुद्र चालत. आम्ही दुसरा घेतला, आईला घेऊन लॉजमध्ये राहायचं मला नको होतं. ऑनलाइन दिसणाऱ्या रेटवर जाऊ नका, फोन करा, "तीन रात्री राहणार, एसी नको" एवढं म्हटलं की शंभर-दोनशे सहज कमी होतात. आमच्या काकींनी फोनवर पहिला प्रश्न काय विचारला तर, "मासे खातास मां?" हो म्हटल्यावर मग भाडं सांगितलं.

दुपारी झोप काढून संध्याकाळी बंदरावर गेलो. टेकडीवर सरकारी सागर बंगला आहे, जवळच दीपगृह, आणि तिथून खाली बघितलं की एका बाजूला धक्का, होड्या, आणि दुसऱ्या बाजूला लांबच लांब किनारा. हवा स्वच्छ असेल तर समुद्रात लांबवर खडकांची बेटं दिसतात, वेंगुर्ला रॉक्स, त्यावरही दीपगृह आहे. तिथल्या गुहांमध्ये पाकोळी पक्षी थुंकीने घरटी बांधतात, ती घरटी पूर्वी चोरून परदेशात जायची म्हणे, सूप करायला! आई म्हणाली, "थुंकीच्या घरट्याचं सूप? त्यापेक्षा कुळथाची पिठी काय वाईट?" खाली उतरून नवाबागकडे जाणाऱ्या झुलत्या पुलावर गेलो. पूल हलतो म्हणून आई आधी नको नको म्हणाली आणि मग मधोमध उभं राहून मलाच फोटो काढायला लावले. या सगळ्याला खर्च शून्य. खाडीच्या मुखाशी मात्र पाण्यात उतरू नका, वरून शांत दिसतं पण आत ओढ असते, तिथले लोकही उतरत नाहीत.

रात्री काकींकडे बांगड्याचं तिखलं आणि भात. तिरफळं घातलेलं. बस.

दुसरा दिवस

सकाळी चहा घेऊन किनाऱ्यावर गेलो तर रापण लागलेली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात. मग दोन्हीकडे पंधरा-वीस माणसं रांगेत उभी राहून ओढत बसतात, हळूहळू दोन्ही रांगा एकमेकांजवळ सरकत येतात. तास-दीड तास चालतं. म्हातारे, पोरं, बायका, सगळे. दोर ओला, जाड, हाताला काचतो. मागचा माणूस ओढलेला दोर वेटोळं करून ठेवतो आणि पुन्हा पुढे पाण्याजवळ येऊन दोर धरतो, असं सतत फिरत राहतं. आईने चप्पल काढली, साडी खोचली आणि गेली रांगेत. मी म्हटलं "अगं आई, हात सोलवटतील", तर पुढचे आजोबा म्हणाले, "वडूक देवा, वडल्यानी तर वाटो गावतलो." म्हणजे ओढलं तर वाटा मिळणार, आणि खरंच तशीच पद्धत आहे, दोराला हात लावलेल्याला रिकामं पाठवत नाहीत.

जाळं पाण्याबाहेर यायला लागलं तशी आधी वरती घारी जमल्या, मग कुत्री, मग पाट्या घेऊन बायका. शेवटच्या टप्प्यात जाळ्याचा खोला नुसता उकळल्यासारखा दिसत होता. निघालं काय, तर तारल्या, मोतके, थोडे बांगडे, दोन-चार खेकडे आणि एक भलामोठा जेलीफिश जो काठीने बाजूला सारला. आजोबा फार खूश नव्हते. आधी यातच पाट्याच्या पाट्या बांगडे यायचे, आता मोठं घेराचं जाळं टाकणाऱ्या पर्ससीन बोटी बाहेरच सगळं उचलतात, बंदी असूनही लाइट लावून मासे धरतात असं त्यांचं म्हणणं. तिथेच वाळूवर लिलाव झाला, पाच मिनिटांत, आणि बोली एवढ्या पटापट की मला अर्धे आकडे कळले नाहीत. आईला ओंजळभर मोतके आणि चार बांगडे मिळाले. ते तिने ओढणीत, माझ्या ओढणीत, बांधून आणले. तीस वर्षं पुण्यात हिंजवडीच्या रस्त्याला शिव्या घालणारी माझी आई त्या दिवशी रापणकर झाली होती.

मासे विकत घ्यायचे असतील तर हॉटेलात सुरमई थाळी मागवण्यापेक्षा बाजारात वाटा घ्या. वजनावर नाही, वाट्यावर भाव असतो. सुरमई, पापलेट, कोळंबी यांना टुरिस्टांचा भाव लागतो, पण बांगडा, तारली, सौंदाळा, तिसऱ्या हे गावातले लोक रोज खातात आणि शंभर-दीडशेत दोघांचं काम होतं. गलफडं लाल हवीत, डोळा चकचकीत, आणि बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. राहत्या घरी आधी विचारून ठेवा, करून द्यायचे वेगळे पैसे घेतात पण तरी हॉटेलच्या निम्म्यात पडतं. आणि दुपारी बाराच्या नंतर गेलात तर उरलेलं कमी भावात मिळतं हे खरं, पण मग उरलेलंच मिळतं.

दुपारी गावात. वेंगुर्ल्याच्या बाजाराचं नाव क्रॉफर्ड मार्केट, हो हो, मुंबईसारखंच. जुनी दगडी इमारत आहे, आत भाजीवाल्या, फुलांच्या वेण्या, कोकमं, तिरफळं. ओले काजूगर शेकड्यावर विकतात, सोलायला किती त्रास असतो ते माहीत असेल तर भाव जास्त वाटणार नाही. सोलणाऱ्यांची बोटं चिकाने काळी पडलेली असतात. आईने शंभर घेतले, काकींनी रात्री उसळ केली, मी तीन वेळा वाढून घेतली.

बाजारातून चालत डच वखार बघायला गेलो. सतराव्या शतकात डच लोकांनी इथे वखार टाकली, गोव्यात पोर्तुगीज बसलेले होते, त्यांच्या गलबतांवर नजर ठेवायला आणि नाकेबंदीला हे बंदर सोयीचं. पुढे १८१२ ला सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेलं. आता वखारीच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत, वडा-पिंपळाची मुळं त्यात घुसलेली, साधा धड बोर्डही बघायला मिळाला नाही. तिकीट वगैरे नाही. पंधरा मिनिटांत बघून होतं आणि थोडं वाईटही वाटतं, दुसऱ्या कुठल्या देशात याला कुंपण घालून पाचशे रुपये तिकीट लावलं असतं.

वेळ असेल तर फळ संशोधन केंद्रात जा. कृषी विद्यापीठाचं आहे, १९५७ पासूनचं. काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती इथल्याच, आणि हापूस-नीलमच्या संकरातून काढलेला रत्ना आंबाही इथलाच. घरी जागा असेल तर कलमं पावसाळ्याच्या तोंडावर घ्यायची, फेब्रुवारीत नेऊन जगवणं कठीण. आईने तरी दोनदा विचारलं.

आणि हो, गाव स्वच्छ आहे, उगाच म्हणत नाही. इथली नगरपरिषद कचरा ओला-सुका एवढ्यावर थांबत नाही, प्लास्टिक, काच, कापड सगळं वेगवेगळं करते, आधी जिथे डम्पिंग ग्राउंड होतं तिथे आता लोक बघायला जातात. त्यामुळे पाण्याची बाटली घरून न्या, काकी भरून देतात, दिवसाला साठ-ऐंशी रुपये वाचतात आणि गावाचा कचराही वाढत नाही.

तिसरा दिवस

शिरोडा-रेडीकडे. यासाठी लोक दीड-दोन हजाराची गाडी करतात, गरज नाही. वेंगुर्ला-शिरोडा एसटी आहेत, पण मोबाइलवरच्या टाइमटेबलवर जाऊ नका, आदल्या दिवशी स्टँडवर चौकशी खिडकीला विचारा आणि परतीची शेवटची गाडी कुठली तेही लिहून घ्या. वस्तीची गाडी असते, म्हणजे रात्री गावात मुक्काम करून पहाटे निघणारी, ती पकडली तर दिवस मोठा मिळतो.

आधी आरवलीला उतरलो, वेतोबाच्या देवळात. उंच, उभी मूर्ती, हातात तलवार, आणि इथला नवस म्हणजे केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला. चपला साध्या नाहीत, चांगल्या हातभर लांब. देव रात्री गावाची राखण करायला फिरतो आणि त्यामुळे चपला झिजतात अशी श्रद्धा, देवळात ठेवलेल्या जुन्या चपलांचे तळवे खरंच घासलेले दाखवतात. मी फार देवभोळी नाही, पण गावाने देवाला बसवून न ठेवता रात्रपाळी लावली आहे ही आयडिया मला जाम आवडली. प्रसादाला केळी मिळतात, भरपूर. आमचा नाश्ता तोच झाला.

तिथून शिरोडा जवळच. मे १९३० मध्ये इथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला होता, महाराष्ट्रभरातून लोक आले होते आणि लाठ्या खाल्ल्या होत्या. मिठागरं अजूनही आहेत, फेब्रुवारीत चौकोनी वाफ्यांमध्ये पाणी आटत असतं आणि बांधावर मिठाचे ढीग दिसतात. वेळागरचा किनारा सुरूच्या बनाला लागून, दुपारी सावली मिळते त्यामुळे डबा घेऊन जा. आम्ही काकींकडून घावणे आणि चटणी बांधून घेतली होती. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये फिश थाळीचे तीनशे-चारशे लागतात, शिरोडा बाजारात साध्या खानावळीत तीच बांगडा थाळी दीडशे-दोनशेला, सोलकढी मागितली की पुन्हा वाढतात.

रेडीचा गणपती १९७६ मध्ये खाणीत सापडला, जांभ्यातली द्विभुज मूर्ती आहे. ठीक आहे, आईला आवडला. मला त्यापेक्षा यशवंतगड आवडला असता पण ऊन फार झालं होतं. ज्यांच्याकडे एक दिवस जास्त आहे त्यांनी रेडीहून पुढे तेरेखोलला जावं, किल्ला बघून फेरीबोटीने नदी ओलांडायची की पलीकडे केरी, गोवा. चालत जाणाऱ्याला फेरीचं तिकीट नाही. गोव्याच्या ट्रिपमधली ही सगळ्यात सुंदर पंधरा मिनिटं असतील आणि फुकट.

संध्याकाळी परत आलो तर काकी म्हणाल्या, "रात्री जत्रेत नाटक आसा, येतास?" नाटक म्हणजे दशावतार. जवळच्या गावात देवळाची जत्रा होती, त्यांच्या मुलाने आम्हाला गाडीतून सोडलं. सांगून ठेवते, ही या भागातली सगळ्यात भारी आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट, पण कुठल्याच पॅकेजमध्ये नसते कारण रात्री अकराला सुरू होऊन पहाटे संपते. साधी ट्यूबलाइट, मागे एक पडदा, एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच रथ. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. आधी आडदशावतार, म्हणजे गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग संकासुर येऊन मालवणीत सगळ्यांची खेचतो, अगदी सरपंचापासून समोर बसलेल्या आमच्यासारख्या पाहुण्यांपर्यंत. त्यानंतर मुख्य आख्यान. संवाद लिहिलेले नसतात, नट जागेवर जमवतात आणि युद्ध आलं की दोघं गरागरा गिरक्या घेत तलवारी आपटतात.

देवळामागे मी जरा डोकावले, तिथे पुरुष कलाकार आरशाचा तुकडा हातात धरून स्वतःच रंग लावत होता, नऊवारी नेसून तयार, कपाळावर बिंदी कोरत, आणि मध्येच फोनवर घरी कुणाला तरी "पंपाचा बटण बंद केलंस काय?" विचारत होता. दहा मिनिटांनी तोच द्रौपदी होऊन रडायला लागला आणि आईच्या डोळ्यात पाणी.

शाल न्या, पहाटे दव पडतं. बसायला चटई किंवा जुनी चादर. भूक लागली तर जत्रेत खाजा, खटखटे लाडू, भजी, चहा. आरतीच्या ताटात दहा-वीस रुपये टाकायचे, तोच तुमचा तिकिटाचा पैसा. कुठे जत्रा आहे हे नेटवर शोधू नका, एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला विचारा.

चौथा दिवस

दहाला उठलो, उशीर झाला, काकींनी आंबोळ्या ठेवल्या होत्या. काजू कुठून घ्यावेत यावर आई आणि काकींची अर्धा तास चर्चा. निष्कर्ष: रस्त्यावरच्या टुरिस्ट दुकानातून नाही, थेट प्रोसेसिंग करणाऱ्याकडून, आणि तुकडा काजू घेतला तर पूर्णपेक्षा बराच स्वस्त, भाजी-शिऱ्याला काय फरक पडतो.

परतीला कुडाळऐवजी सावंतवाडी घेतली. कारण एकच, तुतारी तिथूनच सुटते, रिझर्वेशन नसलं तरी आधी जाऊन बसलात तर जनरलला खिडकी मिळू शकते, कुडाळला तीच गाडी भरून येते. सावंतवाडी स्टँडला सामान ठेवायला जागा शोधत बसण्यापेक्षा एक-एक पाठीवरची बॅगच आणा. मोती तलाव, राजवाड्यातली गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, चितारआळीतली लाकडी खेळणी, दोन-तीन तासांत सगळं चालत बघून होतं. लाकडी फळं बघून आईने भाव विचारला, ऐकून खाली ठेवली, दुकानाबाहेर गेली आणि परत येऊन एक रामफळ घेतलंच. फक्त एक लक्षात ठेवा, रेल्वे स्टेशन गावात नाहीये, लांब मळगावला आहे. गाडीच्या वेळेला रिक्षावाले तोंडाला येईल ते सांगतात, त्यामुळे तास-दीड तास आधी स्टँडवरून मळगावकडे जाणारी एसटी बघा, नाहीतर तिथेच स्टेशनला जाणारी अजून दोन माणसं शोधा आणि रिक्षा वाटून घ्या. आम्हाला बांदिवडेकडच्या लग्नाहून परतणाऱ्या दोन मावश्या मिळाल्या, चौघींत भाडं वाटलं गेलं आणि त्यांच्याकडचे बुंदीचे लाडूही.